मालमत्तेला हात न लावणारा बंडखोर : विल्यम स्मिथ ओब्रायनचे प्रकरण

जुलै १८४८च्या शेवटच्या आठवड्यात आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यातल्या कोळशाच्या डोंगरपट्ट्यात एक पत्र लिहिले गेले. लिहिणारा लंडनच्या संसदेचा सदस्य होता, लिमरिक परगण्यातला जमीनदार होता आणि त्या घडीला राणीविरुद्ध बंड करून उठलेला होता. पत्र होते तिथल्या खाणी चालवणाऱ्या कंपनीला. मजुरी अडवून किंवा आणखी कशाने कंपनीने लोकांना जेरीस आणले, तर खाणकामगारांनी खाणी ताब्यात घेऊन स्वतःच चालवाव्यात असे आपण सांगू. क्रांती यशस्वी झाली तर कंपनीची मालमत्ता राष्ट्राच्या नावे जप्त होईल. कंपनी सरळ वागली तर तिच्या मालमत्तेला संरक्षण मिळेल, असा मजकूर. पुढे खटल्यात सरकारी पक्षाने हेच पत्र त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडले.

विल्यम स्मिथ ओब्रायनच्या बंडाची इंग्रजी वृत्तपत्रांनी टर उडवली. विधवा मॅकॉर्मॅकबाईच्या कोबीच्या वाफ्यातली लढाई, असे तिचे नाव पडले आणि ते चिकटले. थट्टा सोपी आहे. पण अटी-शर्तींसकट लिहिलेले ते पत्र पाहिले की प्रश्न वेगळा उभा राहतो. ज्याने आयुष्यभर कायदा आणि मालमत्ता या दोन गोष्टी मानल्या, तो बंडापर्यंत आला कसा? आणि आल्यावरही त्या दोन गोष्टी त्याने सोडल्या का नाहीत?

घराणे आणि संसद

ओब्रायनचा जन्म १७ ऑक्टोबर १८०३चा, क्लेअर परगण्यातल्या ड्रोमोलंड वाड्यातला. घराणे अकराव्या शतकाच्या आरंभीचा राजा ब्रायन बोरू याच्यापर्यंत आपला वंश नेणारे. धर्माने मात्र प्रॉटेस्टंट, म्हणजे कॅथलिक बहुसंख्येच्या देशात सत्तेच्या बाजूचे. विल्यम दुसरा मुलगा. ड्रोमोलंड थोरल्या ल्युशियसकडे जाणार होते; विल्यमच्या वाट्याला आईच्या माहेरची, लिमरिकमधली काहिरमॉइलची जहागीर आली आणि तिच्यासोबत ‘स्मिथ’ हे नावही. शिक्षण हॅरो आणि केंब्रिजला. थोडक्यात, इंग्रज उमरावाच्या मुलाला मिळते ते सगळे.

१८२८मध्ये तो एनिसमधून संसदेत गेला, तोही टोरी, म्हणजे पुराणमतवादी पक्षाचा म्हणून. त्याच वर्षी क्लेअरच्या पोटनिवडणुकीत कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओकॉनेल याने इतिहास घडवला. कॅथलिकांना संसदेत बसायला बंदी असताना तो उभा राहिला आणि निवडून आला. ओब्रायन कॅथलिकांना हक्क मिळावेत या मताचा होता, पण ओकॉनेलची पद्धत त्याला पसंत नव्हती आणि हे तो उघड बोलला. त्यातून ओकॉनेलचा उजवा हात टॉम स्टील याच्याशी त्याचे पिस्तुलांचे द्वंद्वही झाले. दोघेही सुखरूप परतले. पंधरा वर्षांनी हाच ओब्रायन ओकॉनेलच्या जागी बसून त्याची संघटना चालवणार होता.

१८३५पासून तो लिमरिक परगण्याचा प्रतिनिधी. गरिबांसाठी कायदा, शाळा, कॅथलिक पाद्र्यांच्या निर्वाहाची सोय असल्या विषयांवर तो वर्षानुवर्षे ठराव मांडत राहिला. भाषणे कंटाळवाणी असायची, हे त्याचे मित्रही कबूल करत. ताठ, अबोल, विनोदाचे वावडे असलेला माणूस. पण सचोटीबद्दल कोणी शंका घेत नसे, आणि राजकारणात ही फार मोठी शिल्लक असते.

१८४३ हे वर्ष वळणाचे. ब्रिटनशी झालेले १८०१चे एकीकरण रद्द करा, आयर्लंडची संसद डब्लिनला परत द्या, या मागणीसाठी ओकॉनेल लाखांच्या सभा घेत होता. जुलैमध्ये ओब्रायनने संसदेत आयर्लंडच्या तक्रारींचा विचार व्हावा असा ठराव आणला. पाच रात्री चर्चा झाली आणि ठराव पडला. ऑक्टोबरमध्ये सरकारने क्लॉन्टार्फची सभा आदल्या दिवशी बंदी घालून मोडली आणि ओकॉनेलवर खटला भरला. त्याच महिन्यात ओब्रायन ओकॉनेलच्या ‘रिपील असोसिएशन’मध्ये दाखल झाला. ज्या बाजूची सरशी होते आहे तिकडे जाणारे पुष्कळ असतात. हा गृहस्थ ओकॉनेल कोंडीत सापडल्यावर गेला.

१८४४मध्ये ओकॉनेल तुरुंगात असताना संघटनेची धुरा त्याच्याकडे होती. आई आणि भाऊ कपाळाला हात लावून बसले. प्रॉटेस्टंट जमीनदाराने एकीकरणाविरुद्ध जावे, हे त्यांच्या लेखी घर फिरण्यासारखेच होते.

१८४६मधला एक प्रसंग सांगितल्याशिवाय त्याचा स्वभाव कळायचा नाही. संसदेने त्याला इंग्लंडच्या रेल्वेविषयीच्या एका समितीवर नेमले. आयर्लंडच्या कामाखेरीज कुठल्याही समितीवर मी बसणार नाही, असे तो म्हणाला. सभागृहाने अवमान ठरवून त्याला संसदेच्या इमारतीतल्या तळघरवजा खोलीत डांबले. तो तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथे राहिला. माफी मागितली असती तर त्याच संध्याकाळी सुटला असता. ओकॉनेलच्या गटाने या प्रकरणात त्याची पाठराखण केली नाही आणि ती अढी राहिली. दोनच महिन्यांनी फूट पडली. कुठल्याही परिस्थितीत, कुठल्याही देशात बळाचा वापर अनैतिकच, असे ओकॉनेलला सगळ्यांकडून वदवून घ्यायचे होते. ‘यंग आयर्लंड’ म्हणवणाऱ्या तरुणांनी नकार दिला. तेव्हा कोणी बंदुका जमवत नव्हते. तत्त्व म्हणून अशी शपथ घेणार नाही, एवढेच म्हणणे होते. ओब्रायन त्यांच्यासोबत उठून गेला आणि जानेवारी १८४७मध्ये ‘आयरिश कॉन्फेडरेशन’ उभी राहिली.

भूक आणि जमीन

इथे गोष्ट नुसती राजकीय राहत नाही. १८४५च्या शरद ऋतूत बटाट्यावर करपा आला, १८४६मध्ये तर जवळजवळ सगळेच पीक शेतात कुजले. १८४१च्या खानेसुमारीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८५१मध्ये ती साडेपासष्ट लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली, त्याहून अधिक बोटीत बसून गेली. मार्च १८४७मध्ये सात लाखांवर लोक सरकारी कामांवर खडी फोडत होते. त्याच वर्षीच्या कायद्याने अट घातली की पाव एकराहून जास्त जमीन धरणाऱ्या कुळाला सरकारी मदत मिळणार नाही. म्हणजे पोटाला हवे तर जमीन सोडा. खंड थकलेली कुळे बेदखल होत होती, त्यांच्या झोपड्यांची छपरे उतरवली जात होती, आणि धान्य व गुरे बंदरांतून बाहेर जात होती.

अशा वेळी ‘आयर्लंडची संसद परत द्या’ या मागणीला कुडाच्या झोपडीत काय अर्थ होता? फिंटन लॅलर नावाच्या, पाठीने वाकलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने पत्रांतून हाच प्रश्न विचारला. संसदेचे नंतर बघू, आधी जमीन कुणाची ते ठरवा. खंड देणे बंद करा, असे त्याचे म्हणणे. कॉन्फेडरेशनमधला जहाल पत्रकार जॉन मिचेल याला ते पटले. ओब्रायनला नाही. देशातले जमीनदार आज ना उद्या राष्ट्राच्या बाजूला येतील, अशी त्याची आशा होती. आपण नाही का आलो? फेब्रुवारी १८४८मध्ये डब्लिनला कॉन्फेडरेशनची तीन दिवस खडाजंगी झाली. ओब्रायनने मिचेलच्या मार्गाविरुद्ध ठराव मांडला आणि तो जिंकला. मिचेल बाहेर पडला.

माझ्या मते बंड इथेच हरले होते. उपाशी माणसाला उठवायचे तर त्याला द्यायला दोनच गोष्टी होत्या, धान्य आणि जमीन, आणि त्या दोन्हींना हात लावायचा नाही असा ठराव नेत्याने पाच महिने आधीच बहुमताने करून घेतला होता.

ठरावाला महिनाही झाला नव्हता तोच पॅरिसमध्ये राजा पळाला. फारशा रक्तपाताशिवाय गादी उलटते हे दिसल्यावर डब्लिनमधल्या भल्याभल्यांची मती फिरली, ओब्रायनचीही. तो आणि कॉन्फेडरेशनमधला तरुण वक्ता टॉमस मार अभिनंदनाचे मानपत्र घेऊन पॅरिसला गेले. नव्या फ्रेंच सरकारचा परराष्ट्रमंत्री लामार्तीन याने गोड शब्दांत सांगितले की ब्रिटनच्या घरच्या भानगडीत फ्रान्स पडणार नाही. मार परतला तो हिरवा, पांढरा, नारिंगी असा तिरंगा घेऊन. आज तो आयर्लंडचा राष्ट्रध्वज आहे. ओब्रायन परतला तो १० एप्रिलला संसदेत बोलायला उभा राहिला आणि आरडाओरड्यात त्याचा आवाज बुडाला. एप्रिलअखेर तर स्वतःच्या लिमरिक शहरात ओकॉनेलच्या भक्तांच्या जमावाने त्याला मारहाण केली. कारण मिचेलने दिवंगत ओकॉनेलवर केलेली टीका. ज्या मिचेलशी त्याचे पटत नव्हते, त्याच्या वाटची मारहाण याने सोसली. मे महिन्यात चिथावणीखोर भाषणाबद्दल त्याच्यावर खटला झाला, पण ज्युरीचे एकमत झाले नाही. मिचेलला मात्र नव्या कायद्याखाली १४ वर्षांचे काळे पाणी झाले.

तो आठवडा

उठाव करायचाच तर पीक हाती आल्यावर, असे सगळ्यांच्या मनात होते. सरकारने तेवढी सवड दिली नाही. २२ जुलैला लंडनमध्ये हेबियस कॉर्पस स्थगित करण्याचा कायदा सभागृहात झटपट मंजूर झाला. आता विनाचौकशी कोणालाही आत टाकता येणार होते. ओब्रायन तेव्हा वेक्सफर्डमध्ये एका स्नेह्याकडे मुक्कामाला होता. मार आणि कॉन्फेडरेशनमधला सहकारी जॉन ब्लेक डिलन ही बातमी घेऊन पोहोचले. तीन वाटा होत्या: अटक, पळ किंवा बंड. ओब्रायनने तिसरी निवडली. हे बंड योजून केलेले नव्हते. इभ्रतीपायी अंगावर घेतलेले होते.

आधी किल्केनी. तिथल्या कॉन्फेडरेशनच्या क्लबांचे १७,००० सभासद आहेत असे छापून आले होते. प्रत्यक्षात १,७०० निघाले, छापताना एक शून्य वाढले होते असे सांगतात. हत्यारे त्याहून कमी. मग कॅलन, कॅरिक, कॅशेल. सगळीकडे स्वागत, घोषणा, आणि ‘इथून नको, पुढच्या गावातून सुरू करा’ असा सल्ला.

मुलिनाहोनला २५ जुलैला मात्र हजारो लोक जमले. भाले, कोयते, थोड्या बंदुका. त्या रात्री रस्त्यात अडथळे उभे राहिले. ओब्रायनने पदरच्या पैशाने पाव आणून वाटला. मग सांगितले की उद्यापासून प्रत्येकाने आपापली चार दिवसांची शिदोरी घेऊन यावे. कुणाच्या घरादाराला, मालाला हात लावायचा नाही. दुष्काळाचे चौथे वर्ष सुरू होते. ज्यांच्या घरी चुलीला आधण नव्हते, ज्यांना बंडात निदान खायला मिळेल अशी आशा होती, त्यांना हा गृहस्थ शिदोरी आणायला सांगत होता. गावचे पाद्री जमावात फिरून विनवत होते की घरी जा, तोफांपुढे मराल. सकाळपर्यंत बहुतेक लोक पांगले.

तिथल्याच पोलीस चौकीत ओब्रायन जवळजवळ एकटा शिरला आणि शिपायांना म्हणाला, शस्त्रे द्या. मूठभर शिपाई गांगरले. मोठा जमाव आणलात तर शरण येण्यात आमची नाचक्की तरी होणार नाही, अशी त्यांनी गयावया केली. ओब्रायनला ते रास्त वाटले. तो बाहेर पडला आणि शिपाई बंदुकांसकट निसटले. रस्ता अडवायला झाडे तोडायची तर आधी मालकाची परवानगी घ्या असे तो म्हणाल्याचीही कथा आहे. खाणकंपनीला लिहिलेले पत्र पाहता ती अशक्य वाटत नाही.

२८ जुलैला किलेनॉलमध्ये घोडदळाची तुकडी अडथळ्यापाशी आली. तरुण जेम्स स्टीफन्सने अधिकाऱ्यावर बंदूक रोखली. ओब्रायनला पकडायचे वॉरंट आपल्याकडे नाही, असे अधिकाऱ्याने सांगितले आणि वाट मिळाली. पहिली गोळी आपण झाडायची नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला गेला.

२९ जुलैला बॅलिंगॅरीजवळच्या द कॉमन्स या खाणवस्तीत ती वेळ आली. कॅलनहून सब-इन्स्पेक्टर ट्रँट ४६ पोलिसांसह चालून आला. पुढे अडथळा आणि जमाव पाहून त्याने वाट सोडली आणि टेकाडावरच्या एका दुमजली दगडी घरात माणसे घातली. घर विधवा मार्गरेट मॅकॉर्मॅकचे. बाई बाहेर गेल्या होत्या. मुले घरातच होती. पोलिसांनी गाद्या-फर्निचर खिडक्यांना लावून दारे बंद केली. बंडवाल्यांकडे वीसेक बंदुका असतील नसतील, बाकी भाले आणि दगड. ओब्रायनचा साथीदार टेरेन्स मॅकमॅनस याने पोलिसांना धुराने बाहेर काढायला गवत पेटवायला घेतले. तेवढ्यात मॅकॉर्मॅकबाई धावत आल्या, माझी मुले आत आहेत म्हणून. ओब्रायनने आग थांबवली आणि बाईंना घेऊन खिडकीपाशी गेला. खिडकीतून हात घालून त्याने आतल्या शिपायांशी हस्तांदोलन केले. तुमचे जीव नकोत, बंदुका द्या, एवढेच त्याचे म्हणणे होते.

मागून कोणीतरी दगड भिरकावले. घरातून गोळ्यांची फैर झडली. ओब्रायन उघड्यावर उभा होता. ओब्रायन घराण्यात शत्रूला पाठ दाखवत नाहीत, असे म्हणत तो हलेना, त्याला ओढून न्यावे लागले. दोन माणसे ठार झाली, काही जखमी. कॅशेलकडून पोलिसांची दुसरी तुकडी येताना दिसली, दारूगोळा संपला होता, लोक पांगले. ओब्रायन एका पोलिसाकडून घेतलेल्या घोड्यावरून निघून गेला.

त्याच्यावर ५०० पौंडांचे बक्षीस लागले. भुकेल्या टिपरेरीत आठवडाभर तो फिरला, पण कुणी त्याला धरून दिले नाही. ५ ऑगस्टला तो थर्ल्सच्या स्टेशनवर उघडपणे गेला आणि लिमरिकचे तिकीट काढले. रेल्वेच्या एका इंग्रज गार्डने ओळखले आणि तिथेच पकडले.

काळे पाणी आणि माफी

क्लॉन्मेलला खास न्यायालय बसले. ऑक्टोबरमध्ये निकाल लागला: राजद्रोह, शिक्षा जुन्या कायद्याची, म्हणजे फासावर लटकवून नंतर शिर छाटून देहाचे चार तुकडे. ज्युरीने दयेची शिफारस केली. दयेच्या अर्जांवर आयर्लंडमध्ये ७०,००० आणि इंग्लंडमध्ये १०,००० सह्या झाल्या. सरकारलाही त्याला हुतात्मा करायचे नव्हते. शिक्षा बदलून जन्माचे काळे पाणी केले, तर ओब्रायन आणि त्याचे तीन साथीदार अडून बसले: राजद्रोहाला कायद्यात फाशी आहे, काळे पाणी नाही, आमच्या संमतीवाचून ते देता येणार नाही. मुद्दा इतका बिनतोड की संसदेला १८४९मध्ये नवा कायदा करावा लागला. जमीनदारी हिशेबाने चालणारा हा माणूस स्वतःच्या फाशीबाबतही कलम सोडायला तयार नव्हता.

जुलै १८४९मध्ये ‘स्विफ्ट’ जहाज चौघांना घेऊन निघाले आणि ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरच्या होबार्टला लागले. पळणार नाही असे वचन द्या, मग मोकळे फिरा, असा तिथला प्रस्ताव होता. बाकीच्यांनी मानला, ओब्रायनने नाही. म्हणून त्याला मरिया बेटावर एकटे ठेवले. वचन दिले नव्हते, त्यामुळे पळायला तो मोकळा होता, आणि ऑगस्ट १८५०मध्ये त्याने प्रयत्नही केला. किनाऱ्यावर यायच्या जहाजाच्या कप्तानानेच दगा दिला. मग पोर्ट आर्थरची कैद्यांची वसाहत, आणि तब्येत ढासळल्यावर अखेर ते वचन. नंतर काही काळ तो एका डॉक्टरच्या मुलांना शिकवत होता. १८५४मध्ये ब्रिटन-आयर्लंडला न परतण्याच्या अटीवर माफी मिळाली, तेव्हा तो ब्रसेल्सला राहिला. मे १८५६मध्ये विनाअट माफी झाली आणि जुलैत तो घरी आला.

घर होते, जहागीर नव्हती. राजद्रोह्याची मालमत्ता सरकारजमा होते, हे ठाऊक असल्याने काहिरमॉइल विश्वस्तांच्या हाती देऊन ठेवली होती. ती वाचली खरी, पण त्याच्या हातून गेली, आणि तिच्यावरून घरच्यांशी कायमची कटुता आली. पत्नी ल्यूसीने सात मुले एकटीने वाढवली होती. १८६१मध्ये ती गेली. त्यानंतर तो फारसा घरी टिकला नाही. १८ जून १८६४ला वेल्समधल्या बँगॉरला मरण पावला. पुरला लिमरिकमधल्या रथरोननला.

परतल्यावर त्याने संसदेची उमेदवारी पुन्हा घेतली नाही. गुप्त संघटना त्याला शेवटपर्यंत नापसंत होत्या. बॅलिंगॅरीला त्याच्या शेजारी जखमी झालेल्या जेम्स स्टीफन्सने त्या खिडकीपासून वेगळा धडा घेतला. तो फ्रान्सला निसटला, तिथे कटवाल्यांचे तंत्र शिकला आणि १७ मार्च १८५८ला डब्लिनमध्ये शपथबद्ध, गुप्त संघटना काढली. पुढे तीच ‘आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड’ म्हणून ओळखली गेली. जमिनीचा प्रश्न लॅलरने मांडला तसाच राहिला आणि १८७९मध्ये कुळांच्या ‘लँड लीग’ या संघटनेने तो हाती घेतला. तेव्हा खंड अडवला गेला तो काहिरमॉइलसारख्याच जहागिरींचा.